सात म्हणजे कळवतो

मेलेल्या माणसाला, बाबा तू का मेलास, असं विचारता येत नाही. मेलेल्या प्रोग्रॅमला विचारता येतं. आमच्या धंद्यातली ही एकच गोष्ट मला माणसांपेक्षा बरी वाटते.

आमची कंपनी वाडीत आहे, अमरावती रोडला लागून, एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या ऑफिसच्या वरच्या मजल्यावर. खाली दिवसभर ट्रक मागेपुढे होतात आणि वर आम्ही व्हर्च्युअल मशीन बनवतो. घरच्यांना मी असं समजावते की गोदामाच्या गेटवर एक छोटा डबा बसतो. त्या डब्यातल्या खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात आम्ही दुसरा, खोटा कॉम्प्युटर चालवतो आणि वजन घेणं, गेट उघडणं, पावती छापणं ही गोदामाची कामं त्या खोट्यावर चालतात. एखादं काम कोलमडलं तरी खरा डबा शाबूत राहतो. हे ऐकून माझी सासू म्हणाली, "म्हणजे पोटभाडेकरूच ठेवला म्हण ना." मी हो म्हणून टाकलं.

या कामांवर एक देखरेख करणारा प्रोग्रॅम असतो. त्याला आम्ही मुकादम म्हणतो. मुकादम एकेक काम सुरू करतो आणि ते संपेपर्यंत थांबतो. काम संपताना एक आकडा मागे ठेवून जातं. शून्य म्हणजे झालं, पुढचं घ्या. दुसरा कुठलाही आकडा म्हणजे बिनसलं, आणि काय बिनसलं ते आकड्यावरून कळायला हवं. आता कुठल्या आकड्याचा अर्थ काय, हे कोणीतरी बसून ठरवावं लागतं. ते काम मी सुशीलला दिलं. माझ्या हाताखाली एवढी माणसं असताना मला नेमका तोच सापडला.

सुशील काटोलच्या पलीकडल्या गावचा. घरी संत्र्याचा बगीचा आहे. बाप लहानपणीच गेला, काका चंपतरावांनी वाढवलं, शिकवलं, इंजिनियर केलं. पोरगा कामाला चोख आणि स्वभावाने गरीब गाय. चहावाल्याने चुकून दोन कप ठेवले तर परत ने म्हणायचा नाही, दोन्ही पिऊन टाकायचा. वय तेहतीस आणि लग्न जमत नव्हतं. मुली बघून यायचा आणि दर वेळी त्याच्यात काहीतरी बदललेलं असायचं. एकदा चष्मा बदलला. मग भांग डावीकडून उजवीकडे गेला. मग मोटरसायकल बदलली, मग चालण्याची पद्धत. पोरं त्याला हिरो म्हणू लागली.

त्याला माझ्या भाचीचं स्थळ मीच सुचवलं. भूमिका, माझ्या रुपरावदादाची मुलगी. फिजिओथेरपिस्ट आहे, दत्तवाडीत दोन खाटांचा स्वतःचा दवाखाना आहे, आणि तोंडाने फटकळ आहे. माझ्यावर गेली आहे म्हणतात. सुशील आणि चंपतरावकाका दादाकडे गेले, पोहे झाले, चहा झाला, आणि निरोप देताना दादा म्हणाला, "कळवतो."

आता मुलीच्या बापाचं कळवतो म्हणजे काय, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. शिवाय दादाने मला त्याच संध्याकाळी फोन केला होता.

"नाही जमत वं गोपी."

"काहून?"

"काही नाही, असंच. तू नको बोलू त्याले काही. समजून जाईन तो."

तो समजला नाही. ऑफिसात आला की फोन टेबलावर उताणा ठेवायचा आणि वाजला की दचकायचा. त्याच्या आईने मधे आणखी एक स्थळ आणलं. ते त्याने पुढे ढकललं, एकीकडचं उत्तर यायचं असताना दुसरीकडे पोहे खायला जाणं बरं दिसत नाही म्हणून. हे त्याने मला मोठ्या विश्वासाने सांगितलं. मी मान हलवली आणि मनातल्या मनात दादाला शिव्या घातल्या.

अशात त्याने आकड्यांचा तक्ता आणला. मी वाचायला घेतला. शून्य, काम झालं. एक, अडलं पण कशाने ते कळलं नाही. दोन, दिलेली माहिती चुकीची. तीन, मेमरी संपली. सहापर्यंत सगळं ठाकठीक होतं. सातपुढे लिहिलं होतं, 'प्रोसेस संपली आहे. निकाल यथावकाश कळवला जाईल. मुकादमाने वाट पाहावी.'

"सुशील, हे काय आहे?"

"सात आहे, मॅडम."

"ते दिसतंय मला. प्रोसेस संपल्यावर निकाल कळवणार कोण? तिचा मामा?"

"कोनीतरी कळवीनच ना. नाही कळवलं त दुसरी प्रोसेस विचारन." तो खाली बघत बोलत होता. "मॅडम, समजा वजनाचा प्रोग्रॅम आहे. काट्याकडून त्याले आकडाच नाही आला. आता लगेच तोंडावर बिघडलं म्हणून सांगणं बरं दिसते का? काटा थोड्या वेळानं बोलू शकते. आशा ठेवाले पाहिजे."

"मुकादम आशा ठेवत नाही रे बाबा. त्याला हो की नाही ते हवं असतं. नाही तर नाही, आणि कशाने नाही ते. म्हणजे तो दुसरी सोय बघायला मोकळा. जो मेला त्याने मेलो म्हणून सांगायला काय जातं? मागे राहिलेल्याला असं लटकवत ठेवणं हा शुद्ध पळपुटेपणा आहे."

मी चांगलीच तापले होते. टेबलावर दोनदा हात आपटला. सुशीलने सगळं ऐकून घेतलं आणि तितक्याच शांतपणे विचारलं, "मंग मॅडम, तुमच्या भावानं माह्याबद्दल काय ठरवलं?"

पंखा फिरत होता. खाली कोणीतरी ट्रक मागे घेताना 'आन दे, आन दे' ओरडत होतं.

"मी," मी म्हणाले, "कळवते."

"हाव मॅडम," तो म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा असता तरी मला बरं वाटलं असतं. पण नव्हता. त्याला खरंच वाटलं की मी कळवणार आहे.

माझ्याच तोंडून तो शब्द गेल्यावर सात खोडायला सांगायचं तोंड मला राहिलं नाही. सात तसाच राहिला आणि आमचा डबा चंद्रभानजींच्या गोदामावर बसला.

चंद्रभानजींचं गोदाम आमच्यापासून जवळच. बिस्किटं, साबण, तेलाचे डबे असला माल उतरतो. आत शिरतानाच ट्रक काट्यावर चढतो, वजन होतं, मग गेट उघडतं. तिथे दोन काटे आहेत, शेजारीशेजारी, म्हणजे एक बिघडला तर दुसरा. पहिले काही दिवस सगळं सुरळीत चाललं. मग एका सकाळी कुठल्यातरी ट्रकच्या धक्क्याने पहिल्या काट्याची वायर निघाली. वजनाच्या प्रोग्रॅमला वजन मिळेना. त्याने एक सांगितला असता तर मुकादमाने लगेच दुसरा काटा चालू केला असता. पण त्याने सात सांगितला आणि प्राण सोडला. मुकादम वाट पाहू लागला. गेट मुकादमाची वाट पाहू लागलं. ट्रक गेटची, आणि त्याच्या मागचा ट्रक पुढच्याची. रांग पार अमरावती रोडला जाऊन भिडली. ड्रायव्हर खाली उतरून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसले.

चंद्रभानजींचा फोन आला. "मॅडम, तुमचा मुकादम काय करून राहिला?"

"वाट पाहतोय."

"कोनाची?"

मी सुशीलला स्कूटीवर मागे बसवलं आणि हॉर्न वाजवत गेले.

चंद्रभानजी डब्याच्या पडद्यासमोर कमरेवर हात ठेवून उभे होते. पडद्यावरचं वाक्य त्यांनी आम्हाला मोठ्याने वाचून दाखवलं. "निकाल यथावकाश कळवला जाईल. हे काय लावलं आहे, मॅडम? माह्या पोरीले पाहाले आलेले लोक असंच बोलून जाऊन राहिले होते. म्हणजे हे नाहीच म्हणते ना?"

"नाही म्हणते," मी कबूल केलं.

"मंग सरळ म्हणावं ना. मी दुसऱ्या काट्यावर गाडी लावली असती. सकाळपासून मी याच्या तोंडाकडं पाहून राहिलो."

सुशील वायर जोडत होता. तिथूनच म्हणाला, "पण साहेब, कळवतो म्हणजे नाही थोडीच होते. कळवतो म्हणजे कळवतो."

चंद्रभानजींनी त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. त्यांचा राग उतरला.

"लग्न झालं का बाप्पा तुमचं?"

"नाही."

"तेच म्हटलं," चंद्रभानजी म्हणाले आणि त्यांनी त्याच्यासाठी चहा मागवला.

परत येताना एका टपरीपाशी सुशील म्हणाला, "मॅडम, जरा थांबवा." मी थांबवली. तो उतरून रस्त्याच्या कडेला उभा राहिला.

"मले माहीत होतं मॅडम. मी काही एवढा भोळा नाही. पण दरवेळी वाटे का, हे लोक खरंच कळवतीन. एक फोन त येईन. नाही म्हणतीन, पण म्हणतीन त." तो ट्रककडे बघत बोलत होता. "तुमच्या भावानंही नाहीच म्हटलं ना?"

"हो," मी म्हणाले.

"काहून?"

मला माहीत नव्हतं. मुकादमावर एवढं भाषण ठोकणारी मी, पण दादाला कारण विचारून, असंच, या उत्तरावर गप्प बसले होते. माझी मलाच इतकी चीड आली की मी तिथेच, गाड्यांच्या गोंगाटात, दादाला फोन लावला.

"दादा, त्या पोराला सांग. का नाही ते सांग. आत्ता."

"अवं गोपी, आता मी काय सांगू, समजून जाईन तो."

"तो समजला आहे. कारण समजत नाही त्याला."

मागून भूमिकाचा आवाज आला. फोन तिच्या हातात गेला. "आत्या, बाबांनी अजून सांगितलं नाही? मी तर ते लोक फाटकाबाहेर पडले तेव्हाच नाही म्हटलं होतं. कुठं आहे तो माणूस? मी दवाखान्यात जाऊनच राहिली, तुमच्या ऑफिसात येते."

आम्ही ऑफिसात पोचून बसलो तोवर ती आलीच. हेल्मेट टेबलावर ठेवलं, सुशीलसमोर खुर्ची ओढली. मी उठायला लागले तर म्हणाली, "बस आत्या, लपवण्यासारखं काही नाही." मग त्याच्याकडे वळली.

"मला तुमच्याशी लग्न करायचं नाही. हे तुम्हाले आधीच कळाले पाहिजे होतं. नाही कळलं, त्याच्यासाठी माफ करा."

सुशील एकदम सरळ बसला. इतकं सरळ त्याला कधी कोणी बोललं नसावं. "चष्म्यामुळं का?" त्याने विचारलं.

"कोणता चष्मा?"

"पहिले जाड काडीचा होता. मले वाटलं त्याच्यामुळं नाही म्हणत असतीन, म्हणून हा घेतला. मंग वाटलं केसामुळं. मंग गाडी जुनी होती ती बदलली. एका घरी मले वाटलं का मी पोक काढून चालतो, तं युट्यूबवर पाहून चालणं शिकलो." तो थांबला. "कोनी सांगेच ना का काय चुकून राहिलं. मंग मी अंदाजानं एकेक दुरुस्त करत गेलो."

मला आधी हसू आलं, मग लाज वाटली. ऑफिसभर आम्ही ज्याला हिरो म्हणत होतो तो पोरगा स्वतःमधला बिघाड शोधत होता. ज्या बिघाडाचा आकडा कोणी दिला नाही त्याच्यासाठी चांगले सुटे भाग काढून फेकत होता.

भूमिकाही जरा नरमली. "चष्म्याचं काही नाही. तुमच्या काकांनी फाटकापाशी बाबांना बाजूला घेतलं. म्हणाले, पोरीले दवाखाना सोडून गावात राहावं लागन. आमच्या वहिनीचे गुडघे गेले आहेत, तुमची पोरगी गुडघ्याचीच डॉक्टर आहे, घरच्या घरी इलाज होईन. मी दवाखाना सोडणार नाही. कोणासाठीच नाही. म्हणून नाही."

सुशील तिच्याकडे नुसता बघत राहिला. "कोनाचे गुडघे?"

"तुमच्या आईचे."

"माझी आई अजून शिडीवर चढून संत्री तोडते. तिच्या गुडघ्याले काही झालं नाही." मग त्याचा आवाज खाली आला. "गुडघे त काकाचे दुखतात."

त्याच्या डोक्यात एकेक घर येत असावं. प्रत्येक घरातून निघताना काका मुलीच्या बापाच्या खांद्यावर हात टाकून फाटकापर्यंत जायचे आणि हा मोटरसायकल वळवत असायचा.

"काकानं असं म्हटलं नसतं, त तुम्ही हो म्हटलं असतं?" त्याने विचारलं.

"माहीत नाही," भूमिका म्हणाली. "आपण बोललोच कुठं? तुम्ही पूर्ण वेळ आमच्या सेट-टॉप बॉक्सकडं पाहत होते."

"त्याचा लाल दिवा लुकलुकत होता."

"तेही एक कारण समजा." ती उठली आणि हेल्मेट हातात घेतलं. "काकांना दवाखान्यात घेऊन या. लग्नाला नाही म्हटलं, गुडघ्याले नाही म्हटलं नाही."

ती जायच्या आतच सुशीलचा फोन वाजला. पडद्यावर नाव होतं चंपतराव काका. त्याने तो कानाला लावला नाही, तसाच टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. का ते मला नीट सांगता येणार नाही. एकट्याने ऐकायची हिंमत नसावी.

"पोट्ट्या, आला का गा त्यायचा फोन?" मागे मोटारपंपाचा आवाज येत होता. काका वावरातून बोलत होते.

"आला काका. नाही म्हटलं त्यायनं."

"नाही म्हटलं? असं सरळ?" काकांना धक्का नकाराचा बसला की सरळपणाचा, ते कळलं नाही. "काहून म्हणते?"

सुशीलने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, याने 'असंच' म्हणावं आणि विषय संपवावा. ज्या माणसाने बाप होऊन वाढवलं त्याला हे सांगायचं कसं? आणि न सांगून पुढच्या घरी पुन्हा त्याच फाटकापाशी उभं राहायचं कसं? चहाचा दुसरा कप परत न करू शकणारा पोरगा होता तो. भूमिका दारातच थांबली होती.

"तुमच्यामुळं, काका," तो म्हणाला. "तुम्ही फाटकापाशी जाऊन सांगता ना, का पोरीले काम सोडून गावात राहावं लागन. त्याच्यामुळं. या घरी नाही म्हटलं ते त्याच्यामुळंच. बाकीच्या घरायनंही त्याच्यामुळंच म्हटलं असन."

पंपाचा आवाज येत राहिला. मग तो बंद झाला. काकांनी मोटार बंद केली असावी.

"मी त चांगल्यासाठीच पहिले सांगून देत होतो गा," काका म्हणाले. "का मागून कोनी फसलो म्हणू नये. तू शहरात राहशीन, वहिनी तुह्यासंगं जाईन, मंग मी एकटा इथं." ते थांबले. "एवढ्या घरी गेलो. एकानं त म्हणाचं होतं, का बुवा, तुमचं हे बोलणं आम्हाले पटलं नाही. मी नसतो का चूप बसलो? मी फोन खिशात घेऊनच वावरात येतो रोज, का कोनाचा तरी येईन."

सुशीलने हाताने डोळे पुसले आणि ते लपवायचा प्रयत्नही केला नाही.

"माह्यामुळंच ना?" काकांनी पुन्हा विचारलं.

"हाव काका."

"बरं केलं सांगतलं." मग काका अगदी हळू आवाजात म्हणाले, "पुढच्या बारीले मी फाटकापाशी नाही जात गा. घरातही नाही येत. गाडीपाशीच बसून राहीन. पण मले घेऊन जाशीन."